घरातला डोळा आणि उघडी दिंडी

आमच्या परिचयाच्या एका घरी मध्यंतरी जाण्याचा योग आला. सत्तरी ओलांडलेल्या बाई घरात एकट्याच राहतात. मुलगा आणि सून अमेरिकेत. बैठकीच्या खोलीत, देवाच्या फडताळाशेजारी, लिंबाएवढा पांढरा कॅमेरा बसविलेला होता. आमची नजर तिकडे गेलेली पाहून बाई हसून म्हणाल्या, "तो आमचा बाळू. इथे रात्र तेव्हा तिकडे दिवस. कामातून मधूनमधून बघतो, आई उठली का, गोळी घेतली का." हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होते, आणि ते खोटे नव्हते. चहा झाल्यावर मात्र त्यांनी अगदी सहज विचारले, "यातून बाळूच बघतो ना हो? आणखी कोणी नाही ना?"

आम्ही त्या वेळी काहीतरी गुळमुळीत बोलून वेळ मारून नेली. खरे उत्तर द्यावयाचे तर त्यासाठी साठ वर्षांचा इतिहास सांगावा लागला असता. तो इतिहास या व्याख्यानाच्या निमित्ताने सांगण्याचा आमचा विचार आहे. विषय यंत्राचा दिसतो खरा. पण मुळात तो दाराचा, किल्लीचा आणि विश्वासाचा आहे, आणि या तीन गोष्टी महाराष्ट्राला नव्या नाहीत.

रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'तील दुर्गप्रकरण आपल्यापैकी अनेकांनी वाचले असेल. किल्ल्यास एकच दरवाजा असणे हा दोष होय, म्हणून दोन-तीन दरवाजे व चोरदिंड्या कराव्यात. परंतु रोजच्या राबत्याला लागतील तेवढ्याच मोकळ्या ठेवून बाकीच्या चिणून टाकाव्यात, असा तेथील उपदेशाचा भावार्थ आहे. दुसरी गोष्ट हिरकणीची. ती आख्यायिका आहे, इतिहासाचा कागद नव्हे. तथापि तिच्यातील शहाणपण कागदाच्या मोलाचे आहे. रायगडावर दूध घालावयास आलेली ही गवळण संध्याकाळी दरवाजे बंद झाल्यामुळे अडकली आणि घरी ठेवलेल्या तान्ह्या मुलाच्या ओढीने, जेथून कोणी उतरूच शकणार नाही असे साऱ्यांनी गृहीत धरले होते, त्या कड्यावरून उतरून गेली. महाराजांना हे कळले तेव्हा त्यांनी तिला शिक्षा केली नाही. साडीचोळी देऊन तिचा गौरव केला आणि त्या जागी बुरूज बांधला. न लागणारी दिंडी चिणावी, आणि जो कोणी आपल्या तटातली वाट दाखवील त्याचा गौरव करून ती वाट बंद करावी, ही दोन सूत्रे श्रोत्यांनी ध्यानात ठेवावीत. पुढची सारी हकीकत ही सूत्रे विसरल्याची आहे.

घराच्या रक्षणासाठी कॅमेरा वापरण्याची कल्पना एका गृहिणीची आहे, ही गोष्ट फारशी कोणास ठाऊक नसते. न्यूयॉर्क शहरातील क्वीन्स विभागात मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन नावाची एक कृष्णवर्णीय परिचारिका राहत असे. तिच्या कामाच्या वेळा विचित्र, नवराही पुष्कळदा रात्री बाहेर, वस्तीत गुन्हे वाढलेले आणि बोलाविल्यास पोलीस लवकर येण्याची खात्री नाही. या बाईने आपल्या पतीच्या साह्याने एक योजना आखली. दाराला निरनिराळ्या उंचीवर चार भोके, त्यांच्यामागे वरखाली सरकणारा कॅमेरा, निजण्याच्या खोलीत त्याचे चित्र दाखविणारा पडदा, बाहेरच्या माणसाशी बोलण्याची सोय आणि बटण दाबून दार उघडण्याची व धोक्याची सूचना देण्याची योजना. पेटंटसाठी अर्ज १९६६ साली झाला आणि २ डिसेंबर १९६९ रोजी ते मिळाले. या यंत्राचा हेतू किती साधा आणि किती न्याय्य होता पाहा. आत असलेल्या माणसाने बाहेरच्याला पाहावे, बाहेरच्याने आतल्याला नव्हे. कॅमेऱ्याचे तोंड दाराबाहेर होते. घरातून जगभर जाणारी वाट तर त्या काळी अस्तित्वातच नव्हती.

ती वाट पुढे पाव शतकाने निघाली, आणि तीही एका विनोदी निमित्ताने. इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठाच्या संगणकशाळेत कॉफीचे एकच भांडे होते. इतर मजल्यांवरची मंडळी जिने चढून येत आणि भांडे रिकामे पाहून परत जात. १९९१ साली तेथील दोघा संशोधकांनी भांड्यावर एक कॅमेरा रोखला आणि त्याचे लहानसे, रंगहीन चित्र सहकाऱ्यांच्या संगणकांवर दिसेल अशी व्यवस्था केली. नोव्हेंबर १९९३ मध्ये तेच चित्र जागतिक जाळ्यावर आले, आणि केंब्रिज कधी न पाहिलेले लाखो लोक त्या भांड्यात कॉफी किती उरली आहे हे पाहू लागले. २००१ च्या ऑगस्टात तो कॅमेरा बंद झाला. एका शाळेपुरते असलेले दृश्य थोडक्या खटपटीत साऱ्या जगाचे होऊ शकते, हे त्या दिवशी सिद्ध झाले होते. भांड्याला लाज नसते, म्हणून कोणाचे बिघडले नाही. १९९६ साली स्वीडनच्या ॲक्सिस कंपनीने थेट जाळ्याला जोडता येणारा कॅमेरा विक्रीस आणला, आणि पुढच्या पंधरा-वीस वर्षांत ही वस्तू स्वस्त होत होत दुकानातून घराघरात, घरातून पाळण्याजवळ येऊन ठेपली. मेरीबाईंच्या दाराबाहेर पाहणारा डोळा आता घराच्या आत पाहू लागला.

आता या यंत्राची रचना थोडी समजून घेतली पाहिजे. आपण ज्याला कॅमेरा म्हणतो तो वस्तुतः एक लहानसा संगणक असतो. भिंग हा त्याचा एक अवयव. त्याला जाळ्यावर एक पत्ता असतो. त्या पत्त्यावर क्रमांक घातलेली दारे असतात : एक चित्र पाहण्याचे, एक मांडणी बदलण्याचे, एक कारागिराला दुरुस्तीसाठी आत शिरण्याचे. दारावर द्वारपाल म्हणून परवलीचा शब्द, म्हणजे ज्याला आपण सर्रास पासवर्ड म्हणतो तो. घरातला राउटर हा वाड्याचा दिंडीदरवाजा. तो बाहेरच्यांना एरवी आत घेत नाही. परंतु मालकाला कचेरीतून घर पाहता यावे म्हणून पुष्कळ कॅमेरे या राउटरला परस्पर सांगून आपल्यापुरती एक दिंडी उघडून घेतात, आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. 'आज्ञापत्रा'तील उपदेशाच्या नेमके उलट.

परवलीच्या शब्दाची दुर्बलता तर त्याच्या जन्मापासूनची आहे. संगणकावर प्रत्येकाला निराळा शब्द देण्याची पद्धत अमेरिकेतील एम. आय. टी. या संस्थेत १९६१ च्या सुमारास सुरू झाली. एकच यंत्र अनेकांनी वाटून वापरावयाचे होते. १९६२ साली तेथल्याच एका विद्यार्थी संशोधकाला आपल्या वाट्याचा वेळ पुरेना, तेव्हा त्याने साऱ्यांच्या शब्दांची यादी यंत्राकडूनच छापून घेतली आणि इतरांच्या नावाने काम चालू ठेवले. कुलूप झाले आणि वर्षभरात किल्ल्यांचा जुडगा चोरीस गेला! म्हणजे पुढे कॅमेरे करणाऱ्यांना या दोषाची कल्पना नव्हती, असे कोणी म्हणू शकणार नाही.

तरीही कारखान्यातून निघणाऱ्या हजारो कॅमेऱ्यांना एकच शब्द देण्याची रीत पडली. 'ॲडमिन', '१२३४५' अशा धर्तीचे हे शब्द माहितीपुस्तिकेत छापलेले असत. मालकाने तो बदलावा अशी अपेक्षा. पण बदलल्यावाचून यंत्र चालत असल्याने बदलतो कोण? शिवाय एक भाबडी समजूत सर्वत्र होती आणि आजही आहे : आपल्यासारख्या सामान्याच्या घरात डोकावण्याची गरज कोणाला पडली आहे? खेड्यातल्या आडगल्लीतील घराला हा युक्तिवाद कदाचित लागू पडेल. जाळ्याला गल्ल्या नाहीत. तेथल्या जुन्या पद्धतीच्या पत्त्यांची एकूण संख्या सुमारे ४२९ कोटी आहे. २०१३ साली मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी असे साधन तयार करून दाखविले की, एका साध्या संगणकावरून या साऱ्या पत्त्यांचे एखादे ठरावीक दार पाऊण तासाच्या आत ठोठावून पाहता यावे. चोराला आपले घर निवडावे लागत नाही. तो सगळ्याच दारांना हात लावतो. जे उघडे सापडेल त्यात शिरतो.

पहिली गाजलेली घटना अमेरिकेतील. ट्रेंडनेट नावाच्या कंपनीचे घरगुती कॅमेरे सुरक्षित म्हणून विकले जात. त्यांच्या नावातच सुरक्षिततेची ग्वाही होती. परंतु एप्रिल २०१० पासूनच्या त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये असा दोष होता की, मालकाने परवलीचा शब्द घातलेला असूनही ज्याला पत्ता ठाऊक आहे त्याला शब्दावाचून चित्र दिसे. जानेवारी २०१२ मध्ये हा दोष चव्हाट्यावर आला आणि सुमारे सातशे कॅमेऱ्यांची जिवंत चित्रे जाळ्यावर झळकली. त्यांत पाळण्यात झोपलेली मुले होती, खेळणारी मुले होती, आपल्या घरात वावरणारी माणसे होती. कंपनीने दुरुस्ती काढली, ग्राहकांना कळविले. सप्टेंबर २०१३ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने कंपनीवर ठपका ठेवला. तडजोडीने जो आदेश निघाला त्यान्वये वीस वर्षे, दर दोन वर्षांनी, तिऱ्हाइताकडून सुरक्षिततेची तपासणी करून घेणे कंपनीवर बंधनकारक झाले. या जातीच्या वस्तूंबाबत त्या आयोगाने केलेली ही पहिलीच कारवाई होती.

येथे दोष कंपनीचा होता. पुढच्या प्रकरणात तो वाटला गेलेला दिसतो. २०१४ सालच्या नोव्हेंबरात ब्रिटनच्या माहिती आयुक्तांच्या कार्यालयाने नागरिकांना जाहीर इशारा दिला. एका संकेतस्थळावर निरनिराळ्या देशांतील हजारो कॅमेऱ्यांची चित्रे देशवार मांडून ठेवलेली होती. यात कोणी कुलूप फोडलेले नव्हते. कारखान्याचा शब्द मालकांनी बदललेला नव्हता, इतकेच. किल्ली उंबऱ्यावर ठेवून गेलेल्यांच्या घरांची ती यादी होती.

येथवर जे घडले त्यात निदान ज्याचा कॅमेरा त्याचीच हानी होती. २०१६ साली प्रकरणाला निराळेच वळण लागले. जपानी भाषेत 'मिराई' म्हणजे भविष्यकाळ. या नावाचा एक प्रोग्राम त्या वर्षी जाळ्यावर फिरू लागला. त्याची युक्ती काही फार बुद्धीची नव्हती. दिसेल त्या पत्त्यावर दुरुस्तीचे दार ठोठावयाचे आणि नाव व परवलीचा शब्द यांच्या साठाहून थोड्या अधिक जोड्या एकामागून एक लावून पाहावयाच्या. एखादी लागली की आत शिरावयाचे, दुसरा कोणी प्रतिस्पर्धी येऊ नये म्हणून दार आतून लावून घ्यावयाचे आणि धन्याच्या हुकुमाची वाट पाहत बसावयाचे. यंत्र बंद करून चालू केले की तो नाहीसा होई. पण शब्द तोच राहिल्याने थोड्याच वेळात पुन्हा शिरे. कित्येक यंत्रांत तर हा शब्द सॉफ्टवेअरमध्येच कोरलेला होता. मालकाने मनात आणले तरी तो बदलता येत नव्हता. अशा रीतीने कॅमेरे, चित्रे साठविणाऱ्या पेट्या आणि राउटर मिळून सुमारे ६ लाख यंत्रांची फौज ऐन भरात उभी राहिली.

या फौजेचा उपयोग काय? एकाच वेळी एकाच दारावर सर्वांनी लोटावयाचे, म्हणजे खऱ्या गिऱ्हाइकाला आत जाता येत नाही. २० सप्टेंबर २०१६ रोजी सायबर गुन्ह्यांवर लिहिणारे अमेरिकन पत्रकार ब्रायन क्रेब्ज यांच्या संकेतस्थळावर असा लोंढा आला की, सेकंदाला सुमारे ६२० अब्ज बिट इतके त्याचे मान भरले. त्याच महिन्याच्या अखेरीस कर्त्यांनी प्रोग्रामचा मसुदाच जाहीर करून टाकला, आणि ज्याला त्याला ते हत्यार मिळाले. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी डिन नावाच्या कंपनीवर हल्ला झाला. संकेतस्थळाचे नाव सांगितले की त्याचा पत्ता देण्याचे काम ही कंपनी करी. ती कोलमडताच ट्विटर, नेटफ्लिक्स, स्पॉटिफाय अशी मोठमोठी स्थळे अमेरिकेतील असंख्य लोकांना काही तास दिसेनाशी झाली. चीनमधील एका कंपनीने आपले काही माल अमेरिकेतून परत मागविण्याचे जाहीर केले. तिचे भाग इतरांच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या कॅमेऱ्यांत होते, त्यामुळे मालकांना आपल्या घरात कोणाचे यंत्र आहे हेच ठाऊक नव्हते. मिराईचे मूळ कर्ते शोधून काढले तेव्हा ती विशीच्या आसपासची तीन मुले निघाली. एका संगणकीय खेळाच्या धंद्यातील चढाओढीतून हा उद्योग वाढला होता. डिसेंबर २०१७ मध्ये त्यांचे गुन्ह्याचे कबुलीजबाब प्रसिद्ध झाले आणि २०१८ साली, तपासात केलेले साह्य जमेस धरून, प्रत्येकाला पाच वर्षांची परिवीक्षा व २,५०० तासांची समाजसेवा अशी शिक्षा झाली.

या घटनेचा इतिहासाच्या दृष्टीने मुख्य धडा आम्हांस असा वाटतो. ज्या लक्षावधी लोकांचे कॅमेरे या फौजेत होते त्यांचे त्या दिवशी काहीच बिघडले नाही. त्यांचे चित्र नेहमीसारखे दिसत होते. कारखानदाराला पैसे आधीच मिळाले होते. गिऱ्हाइकाने स्वस्त वस्तू घेतली आणि ती चालत होती. नुकसान झाले ते तिसऱ्याच माणसाचे, आणि तो या सौद्यात कोठेही नव्हता. ज्या दोषाची किंमत करणाराला द्यावी लागत नाही आणि घेणारालाही द्यावी लागत नाही, तो दोष आपोआप दूर होत नाही. गावच्या विहिरीशेजारी कोणी शोषखड्डा खणला तर गावालाच नियम करावा लागतो; खणणाऱ्याच्या सद्बुद्धीवर ते सोडून चालत नाही.

दोष दाखविणाऱ्याचे काय करावे, हा प्रश्नही जुनाच आहे. १८५१ साली लंडनला जगातील वस्तूंचे मोठे प्रदर्शन भरले होते. तेथे आल्फ्रेड हॉब्ज नावाचा अमेरिकन कुलूपवाला आला आणि इंग्रजांना ज्यांचा मोठा अभिमान होता ती कुलुपे त्याने एकामागून एक उघडून दाखविली. चबचे कुलूप सुमारे पंचवीस मिनिटांत गेले. ब्रामाचे, ज्याच्यावर २०० गिनींचे बक्षीस वर्षानुवर्षे लावलेले होते, त्याला सोळा दिवसांत मिळून एक्कावन्न तास लागले. मोठी खळबळ उडाली. असे दोष उघड करणे म्हणजे चोरांना शिकविणे होय, असे काही म्हणाले. त्यावर जाणत्यांचे उत्तर असे होते की, चोर आपल्या धंद्यात पुरेसे तरबेज असतात. अंधारात राहतो तो कुलूप विकत घेणारा. हिरकणीच्या कथेचे तात्पर्य याहून वेगळे नाही. परंतु कॅमेऱ्यांच्या धंद्यात हा न्याय नेहमी पाळला गेला नाही. एका लोकप्रिय अमेरिकन कॅमेऱ्यातील गंभीर दोष संशोधकांनी २०१९ साली कंपनीला कळविले; त्यांची हकीकत जाहीर झाली ती मार्च २०२२ मध्ये, आणि सर्वांत जुन्या नमुन्याला तर पुरती दुरुस्ती मिळालीच नाही. बुरूज बांधावयास तीन वर्षे लागली, आणि एक कडा तसाच राहिला.

कोणी म्हणेल, आता कॅमेरे स्वतः दार उघडत नाहीत. ते कंपनीच्या मध्यवर्ती संगणकाशी बोलतात आणि आपण तेथून चित्र पाहतो. हे खरे आहे, आणि यामुळे आडव्यातिडव्या दिंड्या पुष्कळ कमी झाल्या. पण किल्ल्यांचा जुडगा आता एका ठिकाणी गोळा झाला, आणि जुडगा सांभाळणारा कोण, हा प्रश्न पुढे आला. ॲमेझॉनच्या मालकीच्या रिंग या कंपनीचे प्रकरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. डिसेंबर २०१९ मध्ये मिसिसिपी राज्यातील एका आठ वर्षांच्या मुलीच्या खोलीतील कॅमेऱ्यातून परका पुरुषी आवाज तिच्याशी बोलू लागला. हे घुसखोर कसे शिरत होते? इतरत्र चोरीस गेलेले परवलीचे शब्द येथे लावून. माणसे एकच शब्द दहा ठिकाणी वापरतात, हे त्यांना ठाऊक होते. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने मे २०२३ मध्ये केलेल्या तक्रारीत जानेवारी २०१९ ते मार्च २०२० या काळात अशा हल्ल्यांत सापडलेल्या अमेरिकन ग्राहकांची संख्या ५५ हजारांवर दिली आहे. त्याच तक्रारीत याहून विदारक गोष्ट आहे. कंपनीच्या एका नोकराने २०१७ साली कित्येक महिने स्त्री-ग्राहकांची, त्यांच्या निजण्याच्या व स्नानाच्या खोल्यांतील चित्रे पाहिली होती. कुलूप शाबूत होते. किल्लेदारच फितूर निघाला. कंपनीने ५८ लाख डॉलर भरण्याचे मान्य करून प्रकरण मिटविले.

ही सारी परदेशची गोष्ट, असे मानून स्वस्थ बसण्याची सोय आपल्याला राहिलेली नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये गुजरातेतील राजकोट येथल्या एका प्रसूतिगृहातील चित्रफिती जाळ्यावर विक्रीस निघाल्याचे उघडकीस आले. तपासणीसाठी आलेल्या स्त्रियांची ती चित्रे होती. पोलिसांनी ज्यांना अटक केली त्यांत आपल्या महाराष्ट्रातील तरुणही होते, आणि देशातील इतर ठिकाणच्याही हजारो फिती त्या बाजारात असल्याचे तपासात दिसून आले. ज्या वर्षी हे घडले त्याच वर्षाच्या अखेरीस दक्षिण कोरियाच्या पोलिसांनी सुमारे १ लाख २० हजार कॅमेऱ्यांत शिरकाव केल्याच्या संशयावरून चौघांना पकडल्याचे जाहीर केले. सोपे परवलीचे शब्द हेच तेथेही मुख्य कारण होते. १९६२ चा तो विद्यार्थी यंत्राचा वेळ चोरीत होता. आता माणसांची अब्रू चोरून तिचा भाव ठरविला जातो. राजकोटच्या त्या स्त्रियांनी ना कॅमेरा विकत घेतला होता, ना तो बसविला होता. त्या केवळ त्याच्यासमोर होत्या.

राज्यकर्त्यांना जाग येण्यास उशीर लागला, पण ती आली. कॅलिफोर्नियाने २०१८ साली कायदा करून १ जानेवारी २०२० पासून अशा यंत्रांना पुरेशी सुरक्षितता असणे सक्तीचे केले. सरसकट एकच शब्द देण्यास त्यात वाव ठेवला नाही. ब्रिटनचा २०२२ चा कायदा २९ एप्रिल २०२४ पासून अमलात आला. त्याने सर्वांना सारखा परवलीचा शब्द देणे निषिद्ध ठरविले, दोष कळविण्यासाठी कंपनीने पत्ता जाहीर करावा असे सांगितले आणि दुरुस्त्या किती काळ मिळतील हे ग्राहकाला आधी कळविणे भाग पाडले. भारत सरकारने एप्रिल २०२४ मध्ये अधिसूचना काढून देखरेखीच्या कॅमेऱ्यांसाठी सुरक्षिततेच्या अटी घातल्या; एप्रिल २०२५ पासून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासल्यावाचून असे नवे कॅमेरे विकता येत नाहीत. त्याआधी २४ ऑगस्ट २०१७ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला होता, हेही येथे स्मरले पाहिजे. तथापि कायदा पुढच्या विक्रीला लागू होतो. काल विकत घेतलेला कॅमेरा आज आपल्या फडताळावरच आहे.

म्हणून गृहस्थाचे कर्तव्य उरतेच, आणि ते मोठे अवघड नाही. कारखान्याचा शब्द बदलावा. नवा शब्द लांब असावा आणि दुसरीकडे कोठेही वापरलेला नसावा. शब्दाबरोबर फोनवर येणारा दुसरा आकडा मागण्याची सोय असेल तर ती चालू करावी. कंपनीच्या दुरुस्त्या वेळेवर घालाव्यात, आणि दुरुस्त्या येणे बंद झालेला कॅमेरा कितीही चांगला दिसत असला तरी काढून टाकावा. राउटरला आपण होऊन दिंड्या उघडू देऊ नये. आणि सर्वांत महत्त्वाचे, कॅमेरा कोठे ठेवावयाचा याचा विचार करावा. जे चित्र जगाने पाहिल्यास आपल्याला मरण येईल, ते चित्र काढणारे यंत्र त्या खोलीत असूच नये. घरात वावरणारी म्हातारी माणसे, मुले, कामाला येणाऱ्या बाई, या साऱ्यांना येथे कॅमेरा आहे हे सांगितले पाहिजे आणि त्यांना विचारलेही पाहिजे. प्रेमाने पाहणारा डोळासुद्धा न सांगता पाहू लागला की पाळत होतो.

या व्याख्यानाची तयारी झाल्यावर आम्ही त्या बाईंकडे पुन्हा गेलो. त्यांच्या परवानगीने कॅमेरा उलटा करून पाहिला. तळाशी चिकटविलेल्या कागदावर कारखान्याचा शब्द होता. बाळूला फोन लावला. तोच शब्द अजून चालू असल्याचे त्याने जरा ओशाळून कबूल केले. दोघांनी मिळून अर्ध्या तासात तो बदलला, जुनी दुरुस्ती घातली, आणि बाईंच्या सांगण्यावरून कॅमेऱ्याचे तोंड निजण्याच्या खोलीच्या दारावरून वळवून स्वयंपाकघराच्या वाटेकडे केले. मग आम्ही त्यांना त्या दिवशीच्या प्रश्नाचे उत्तर दिले : "आता बहुतेक बाळूच बघतो. पण कॅमेरा आहे तोवर 'बहुतेक' हा शब्द मला काढता येणार नाही."

बाई क्षणभर गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "मग पूजेच्या वेळी मी त्यावर फडका टाकत जाईन. बाळूला सांगते, घाबरू नकोस म्हणावं."